हा डाग कोणाचा?

हे सगळं मला नीट आठवतं का, याची खात्री नाही. जन्मभर विद्यार्थ्यांना 'आधी नोंद करा, मग निष्कर्ष काढा' असं बजावलं आणि स्वतः मात्र कल्याणच्या त्या दुकानातली एकही गोष्ट लिहून ठेवली नाही. जुनं रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं तर त्या रेषेवर विरतं, म्हणून अधूनमधून घडी बदलायची असते. मी किश्शांचंही तेच करत आलो. आता मूळचं कापड किती आणि माझी घडी किती, हे सांगणं अवघड आहे. पण किस्से साठत गेले, एवढं खरं.

स्वातंत्र्यानंतरची चार-सहा वर्षं. मी ठाण्याला राहायचो, मुंबईच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो आणि रविवारी सासुरवाडीला कल्याणला जायचो. सासऱ्यांच्याच गल्लीत दत्तोपंतांचं दुकान होतं. घराण्यातल्या जुन्या पैठण्या, शालू, शेले, पगड्या स्वच्छ करून पुढच्या पिढीपर्यंत टिकतील अशा करून द्यायच्या, हा त्यांचा धंदा. रफूचं काम भिवंडीचे इस्माईलचाचा करायचे. रिठ्याचं पाणी दत्तोपंतांच्या पत्नी, अक्का, करायच्या. मी बाकावर बसून सल्ले द्यायचो.

पहिल्याच रविवारी मी त्यांना पैठणीच्या काठातली जर काळी का पडते ते समजावून सांगितलं. हवेतल्या गंधकामुळे सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, वगैरे. दत्तोपंतांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"असेल," ते म्हणाले. "आमच्यात त्याला 'जुनं झालं' म्हणतात."

*

डोंबिवलीच्या एक बाई आल्या होत्या. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. कसर लागू नये म्हणून शालूच्या घडीघडीत काय घालावं, असं त्यांनी विचारलं. चाचा म्हणाले, लवंग. अक्का म्हणाल्या, वेखंडाची पूड. मी शास्त्रीय दृष्टिकोन म्हणून काळी मिरी सुचवली.

बाईंनी कोणाचंच मन मोडलं नाही. तिन्ही घातलं, तेही भरपूर.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवरी शिंकायला लागली. प्रत्येक 'सावधान'ला एक शिंक. पाचव्या कडव्याला भटजी थांबले आणि म्हणाले, "आता मुलीकडूनच सावधान होतंय, मी नुसत्या अक्षता टाकतो."

*

ठाण्याचे एक निवृत्त मामलेदार आजोबांची पगडी घेऊन आले. नातवाच्या मुंजीत घालायची होती. पंधरा दिवसांनी न्यायला आले, तिथेच डोक्यावर चढवली, तर ती भुवयांपर्यंत खाली आली. मामलेदार भडकले. धुण्यात पगडी सैल केलीत, घराण्याची वस्तू बिघडवलीत, कोर्टात खेचतो, असं बरंच बोलले.

दत्तोपंत शांतपणे म्हणाले, "रावसाहेब, पगडीला अजून हात लावलेला नाही. मुंज पुढच्या महिन्यात, म्हणून कपाटातच होती."

मामलेदारांनी चाळीस वर्षांपूर्वी पगडी घातली होती तेव्हा डोक्यावर दाट केस होते. ते कोणालाच बोलवेना. शेवटी चाचांनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "मग रफू कुठं करू?"

*

एक शास्त्रीबुवा सोवळ्याचं रेशमी वस्त्र, मुकटा, घेऊन आले. दोन ठिकाणी विरला होता. मुकट्याला हात लावणारा माणूस आंघोळ करून, हातपाय धुऊन बसलेला हवा, ही त्यांची अट. बोलताना त्यांची नजर चाचांच्या दाढीकडे होती.

असल्या प्रसंगी काय बोलावं हे मला कधीच सुचत नाही. मी रेशमाच्या धाग्याची रचना सांगायला लागलो.

चाचांनी मला हातानेच थांबवलं. "बुवा, मी दिवसातून पाच वेळा हातपाय धुतो. तुमचं कसं?"

शास्त्रीबुवांनी मुकटा काउंटरवर ठेवला. पुढच्या वर्षी ते दुसराही घेऊन आले, आणि अट अशी घातली की रफू चाचांनीच करायचं!

*

दोन सख्खे भाऊ वेगळे झाले. भांडी, जागा सगळ्याची वाटणी झाली. उरला आईचा शेला. कोणी हटेना, तेव्हा मधोमध कापून अर्धा अर्धा घेतला. पुढे धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरलं. आईचा शेला हवाच म्हणून दोघेही आपापला तुकडा घेऊन आले, एकमेकांकडे पाठ करून बसले.

चाचांनी त्या जोडावर दोन महिने घालवले. मी भिंगातून पाहिलं, मला जोड सापडला नाही. लग्न झालं आणि चौथ्या दिवशी भाऊ शेला घेऊन परत हजर. पुन्हा वेगळा करून हवा होता.

दत्तोपंतांनी शेला पसरला. "कुठे कापू ते दाखवा. एक सूतही इकडेतिकडे झालं तर मला बोलायचं नाही."

दोघे तासभर ओणवे होऊन शोधत होते. शेवटी थोरला म्हणाला, "राहू दे तुझ्याकडे. दिवाळीला मी येईन बघायला."

*

आता माझी गोष्ट. ती मी इतकी वर्षं टाळत आलो.

दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने कापड उलगडलं की दत्तोपंतांचा पहिला प्रश्न, "हा डाग कोणाचा?" 'कशाचा' नव्हे, 'कोणाचा'. उत्तर मिळाल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही.

माझ्या मेव्हण्याचं लग्न वैशाखात होतं. बायकोच्या आजी, माई, यांच्याकडे एक मोतिया रंगाची पैठणी होती. घरात येणारी प्रत्येक सून गृहप्रवेशाला तीच नेसायची. माईंनी ती माझ्या हाती दिली. "जावईबापू, तुम्ही त्या दुकानात बसता. हवा दाखवा, घडी बदला आणि आणा."

एवढंच सांगितलं होतं. पण मी उलगडून पाहिलं तर पदराजवळ एक पुसट पिवळा डाग. दत्तोपंत नाशिकला गेले होते. वाटलं, आपण माईंना चकित करू. साबणाचा एक थेंब लावला, डाग लाल झाला. म्हणजे हळद! मला कोण आनंद झाला. हळद उन्हाला टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. बाकीची पैठणी मलमलमध्ये गुंडाळून तेवढाच भाग चार दिवस कोवळ्या उन्हात धरला. डाग साफ गेला.

घरी नेऊन बायकोला दाखवली. तिने पदर हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"अहो, हात कुठे गेला?"

मग मला कळलं. माई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी, थोरल्या आजींनी, हळदीचा हात त्यांच्या पाठीवर ठेवला होता. त्याचाच तो ठसा. साठ-पासष्ट वर्षांत तो फिका पडला, पण घरातल्या प्रत्येक सुनेच्या पाठीवर तो हात असायचा.

"माझं काय व्हायचं ते होवो," मी म्हणालो.

"तुमचं काही होत नाही," बायको म्हणाली. "त्या येणाऱ्या मुलीचं होईल. ती आली आणि थोरल्या आजींचा हात गेला, असं जन्मभर ऐकेल बिचारी."

दुसऱ्या दिवशी मी पैठणी घेऊन दुकानात उभा. दत्तोपंत परतले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"प्रोफेसर," ते म्हणाले, "लोक इथे डाग काढायला येतात. घालायला आलेले तुम्ही पहिले."

मूळचा ठसा कसा होता? मला फक्त पिवळट ढग आठवत होता. बायकोलाही 'पंजासारखं काहीतरी' याहून जास्त सांगता येईना. दत्तोपंतांनी हळदीचं फिकं पाणी करून मलमलच्या तुकड्यांवर सात वेळा रंग जमवला. हात अक्कांचा घ्यायचा असं ठरलं. त्या तयार होईनात. दुसऱ्याच्या सुनेच्या पाठीवर माझा हात कसा ठेवू, म्हणाल्या. मग चाचांनी सांगितलं की मुलगी कोणाचीही असो, आशीर्वादाला हातच लागतो. अक्कांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटल्या आणि पाचही बोटं पसरून उजवा हात टेकवला. दत्तोपंतांनी ओल्या फडक्याने कडा पुसट केल्या.

लग्नाच्या आदल्या सकाळी माईंनी पैठणी खिडकीपाशी नेली. मी समोर उभा होतो. त्यांनी ठशावर स्वतःचा हात ठेवला, उचलला, पुन्हा पाहिलं. मी सगळं कबूल करायला तोंड उघडलं.

"हात नीट आहे," माई म्हणाल्या. "घडी घाला."

नवी सून ती नेसून उंबरठ्याच्या आत आली. माई सगळ्यांना तिची पाठ दाखवत होत्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी, माई गेल्यानंतर, डोंबिवलीला चुलतसासऱ्यांकडे जेवायला गेलो होतो. थोरल्या आजींचा, म्हणजे त्यांच्या आजीचा, विषय निघाला. ते सहज म्हणाले, तिच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती, लहानपणीच विळीवर गेली होती. आम्ही पोरं त्या हाताला घाबरायचो.

त्यांच्या आठवणीत चूक असेल, माझ्याच ऐकण्यात असेल, असं मी आठवडाभर स्वतःला समजावलं. मग कल्याणला गेलो आणि माळ्यावरून थोरल्या आजींचा फोटो शोधून काढला. खुर्चीत बसलेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर. फोटो उलटा छापला असेल, अशी शंका आली, म्हणून नथ पाहिली; ती डाव्या नाकपुडीत होती, म्हणजे फोटो सरळ होता.

चष्मा पुसून उजव्या हाताची बोटं दोनदा मोजली. चारच होती.