माळावरचं दावं

आमचा माळ पणजोबांनी वसवला. त्याआधी तिथे दगड आणि कुसळं. दोन गाई आणि एक पहार घेऊन ते आले आणि पहिलं वर्ष गाईंच्याच छपराखाली काढलं. पुढची सगळी गुरं त्या दोघींचाच वंश. हे मी अबुधाबीत ज्याला त्याला, कुणी विचारलं नसताना, ऐकवत असे. नवरा म्हणायचा, "झालं, हिची गुरं सुटली!" पण दुधाचा कॅन उघडला की मला गोठ्याचा वास हवा असायचा, त्याला मी काय करू?

२००८ची मंदी आली आणि आमच्या कंपनीच्या बांधकामाच्या साइट बंद पडल्या. ऑफिसच्या खिडकीतून रीम आयलंडवरच्या क्रेन नुसत्या उभ्या दिसत. मॅनेजर म्हणे, "नेक्स्ट मंथ सब स्टार्ट होगा, इन्शाल्ला." सगळे हवालदिल, आणि मी, खोटं कशाला बोलू, आतून हरखलेली. नोकरी गेली की व्हिसा जाणार, म्हणजे घरी जाणं आलंच. त्या भरात माळावर वडिलांना, आबांना, फोन केला. "आबा, मी परत येतेय. गुरं मी सांभाळीन."

मी एकुलती एक. आबांनी गुरं कमी करायला घेतली होती, ते थांबवलं. गोठ्याचे पत्रे बदलले. एक कालवड माझ्या नावाने राखून ठेवली.

आणि माझी नोकरी टिकली. गेली ती नवऱ्याची. मग मला हलताच येईना. "पुढच्या वर्षी, आबा," मी म्हणाले. पुढच्या वर्षी मुलीची शाळा आली, नंतर माझं प्रमोशन. त्या कालवडीची गाय झाली, तिची वासरं मी फोटोत पाहिली.

एका शुक्रवारी सकाळी आबांचाच फोन आला. त्यांचे गुडघे पार गेले होते.

"गाय दिली, पोरी. शेवटचीच होती. माणसं चांगली आहेत."

मला रडूच फुटलं. तरी विचारलं, "गळ्यातलं दावं काढून घेतलंत ना?"

आमच्यात गाय दिली तरी तिचं दावं देत नाहीत. घेणारा आपलं घेऊन येतो. आमचं खुंटीला राहिलं की गोठ्यात पुन्हा जनावर येतं, असं मानतात. पणजोबांपासून एकही दावं माळाबाहेर गेलं नव्हतं.

"तेही दिलं," आबा म्हणाले. "ते खुंटीला दिसत राहिलं असतं, तर तू आणखी दहा वर्षं 'पुढच्या वर्षी येते' म्हणत जीव जाळत बसली असतीस."