यमुनाकाकूंची भीती

घराबाहेर पाऊल टाकण्याआधी यमुनाकाकू दाराची एक फळी किलकिली करत आणि नुसतं डोकं बाहेर काढून लोधीपुऱ्यातली आमची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेत. मग डोकं आत. थोड्या वेळाने पुन्हा बाहेर. गल्लीत कुत्रं नाही, मोकाट बैल नाही, खाकी टोपी नाही, अशी खात्री पटली की समोरच्या आमच्या घराकडे बघून हाक मारत, "वैनी, कोनी येतं का वो संगं? इतवाऱ्यात जाचं व्हतं." इतवारा बाजार काही लांब नव्हता. त्यांच्या यजमानांचं किराणा दुकानही तिथेच होतं. पण लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आल्यापासून काकू एकट्या कधी तिथे गेल्या नव्हत्या.

सोबत म्हणून बहुतेक वेळा मलाच पाठवलं जाई. मी तेव्हा तिसरीत होते. एवढीशी पोर एका मोठ्या बाईला सांभाळून नेते आहे याचं मला फार अप्रूप वाटे. पण काकू माझं मनगट असं घट्ट धरत की घरी आल्यावर त्यावर त्यांच्या बांगड्यांचे वळ दिसत. त्यांना विजेची भीती वाटे, तार घेऊन येणाऱ्या पोस्टमनची वाटे, तापीच्या राजघाटाच्या शेवटच्या पायरीची वाटे. त्या ती लपवत नसत. कुणी हसलं तर म्हणत, "हासा बाप्पा. मले वाटते तं वाटते. नाही वाटत म्हनून का ती जानार हाये?"

त्यांची मुलगी सुमन माझ्या वर्गात होती. आमची शाळा मराठी प्राथमिक, म्हणजे कौलारू पडवीला जोडलेल्या काही खोल्या आणि मधोमध कडुनिंब. राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, ती ही वर्षं. माझं आजोळ रावेरचं, गाडीने उठून जावं एवढ्या अंतरावर. ते आधीपासूनच दुसऱ्या राज्यात होतं; आता इकडचा बाकीचा मराठी मुलूखही तिकडे गेला आणि आम्ही इकडे राहिलो. घरात मोठी माणसं हळू आवाजात बोलत. मराठी वर्ग राहणार की हिंदीत मिसळणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. आमचे चौधरी गुरुजी, शाळेचे हेडमास्तर, एवढंच सांगत, "पटावर पोरं असली तर वर्ग राहील. वर्ग रिकामा दिसला तर माझ्या हातात काही नाही."

म्हणून शाळा चांगली दिसावी, भरलेली दिसावी, याची आईवडिलांना फार काळजी. पाऊस सरला की दरवर्षी दसऱ्याआधी सगळी घरं शाळेत उतरत. पुरुष पावसात सरकलेली कौलं बसवत, बायका पडव्या सारवत, भिंतींना चुना देत. तापीकाठच्या मळ्यांतून पालक बैलगाडीत केळीचे खुंट घालून आणत, दसऱ्याच्या पाटीपूजनाला दाराशी उभे करायला. काकूही येत. शिडी धरायचं काम त्यांच्याकडे, कारण त्या जितक्या जोराने धरत तितकी कुणी धरत नसे. मात्र वर कोण चढलंय हे त्यांना बघवत नसे. डोळे मिटून विचारत, "उतरले का वो?"

त्या वर्षी पाऊस सरता सरता गावात वावडी उठली. नदीवर पूल बांधायचं काम चाललं होतं आणि कुणीतरी बोललं की पुलाचा खांब उभा राहत नाही, त्याला पोराचा बळी लागतो. चार दिवसांत ती गोष्ट गल्लीगल्लीत पोचली. झोळीवाला फिरतो, हिंगासारखं काही हुंगवतो, पोर मागे मागे चालायला लागतं. अमक्या पेठेतलं पोर गेलं. कुणाचं, ते कुणी सांगत नसे. आईने मला ओट्यावर बसायची बंदी केली. संध्याकाळी दिवा लागायच्या आधी दारं बंद होऊ लागली. मला आठवतं, मी पितळी डब्यामागे, धान्याच्या कोठीमागे वाकून बघे, तिथे कुणी पोतं घेऊन बसला नाही ना. गल्लीतून कुणाच्या वहाणांचा आवाज आला की घरातलं बोलणं थांबे आणि तो दूर गेला की मगच पुन्हा सुरू होई.

शाळेत पोरं येईनाशी झाली. वर्गात आम्ही मोजकी राहिलो, मग तीही गळाली. गुरुजी घरोघर फिरले. लोक त्यांना पाणी देत, मान डोलावत, आणि पोरांना आतल्या खोलीतून बाहेर येऊ देत नसत.

आता यमुनाकाकू सुमनला कुलपातच ठेवणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पण एका सकाळी त्याच आमच्या दाराशी उभ्या. ओठ कोरडे पडलेले, सुमनचं मनगट मुठीत.

"वैनी, इंदूले पाठवा. संगं नेते."

आई म्हणाली, "यमुनाबाई, तुम्ही? तुम्हाला भीती नाही वाटत?"

"रातभर डोया लागला नाही. पन घरात कोंडून का भीती कमी होते? उलट वाढते माय. पोरी खिडकीलेच भेतात आता. चार जनी मिळून जाऊ, तिथंच बसू, संगं वापस येऊ."

आईने मला पाठवलं, आणि स्वतःही निघाली. काकूंनी गल्लीतली दारं एकेक करून वाजवली. प्रत्येक दाराशी तेच बोलणं, तोच कापरा आवाज. माझ्या आजही ध्यानात आहे, त्या कुणालाही 'घाबरू नका' म्हणाल्या नाहीत. "मलेही वाटते. म्हनूनच तं बोलवाले आली," असं म्हणत. धीट बाईने बोलावलं असतं तर कदाचित कुणी आलं नसतं. पण यमुना निघते म्हटल्यावर इतर आयांना मागे राहायची लाज वाटली असावी. दुसऱ्या दिवसापासून लोधीपुऱ्यातून बायकापोरांची एक रांगच निघू लागली. पोचवून बायका परत जात नसत. पडवीत बसून भाजी निवडत, वाती वळत, आणि काकू भिंतीला पाठ लावून फाटकाकडे तोंड करून बसत. वर्ग पुन्हा भरला.

मग सफाईचा दिवस आला. भर दुपार होती. बाबा कौलांवर, बाकीचे पुरुष अंगणात खड्डे बुजवत होते. आम्ही पोरं कडुनिंबाखाली पाट्या घासत होतो. फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. काळा, वाळलेला, अंगावर फाटका सदरा, खांद्याला झोळी. तो काहीतरी बोलला. भाषा आमच्यापैकी कुणालाच कळेना. मग त्याने हात जमिनीपासून एवढासा वर धरला, लहान पोराची उंची दाखवावी तसा, आणि आमच्याकडे बोट केलं.

पडवीत कुणीतरी किंचाळलं. तो दचकून दोन पावलं आत आला, तेच बोलत, तोच हात दाखवत. कुणीतरी त्याची झोळी ओढली. तिच्यातून एक लहान मुलीचं झबलं खाली पडलं.

त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. फाटक बंद झाल्याचा आवाज. बाबा शिडीवरून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू आला नाही. ज्यांच्या हातात फावडी होती त्यांनी ती वर धरली होती. आवाज ऐकून रस्त्यावरची माणसं फाटकावरून उड्या टाकून आत घुसली. "पकड लो साले को!" असं कुणीतरी ओरडत होतं. तो माणूस "पापा, पापा" म्हणत होता, आणि एक जण म्हणाला, "पाप पाप करतोय बघा, कबूल करतोय!" कुणीतरी त्याला ढकललं आणि तो कडुनिंबाच्या पाराशी पडला. मला पळायचं होतं, पण पाय हलत नव्हते. गुरुजी "थांबा, थांबा" म्हणत होते. ते ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

त्या गर्दीतून यमुनाकाकू पुढे आल्या. चालत आल्या असंही म्हणता येणार नाही, धडपडत आल्या. त्या माणसाच्या पुढ्यात पोचल्या. त्या मटकन खाली बसल्या, त्याच्या आणि फावड्यांच्या मधोमध.

"यमुना, बाजू हो!" त्यांचे यजमान ओरडले.

काकूंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी हाक मारली, "सुमन! ये इकडे. माह्या मांडीवर बस."

सुमन गेली. रडत रडत गेली, पण गेली आणि आईच्या मांडीवर बसली. त्या माणसाचा हात पुढे आला असता तर तिच्या वेणीला लागला असता, एवढ्या जवळ. मग काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "इंदू, तूही ये माय." का कोण जाणे, माझे पाय सुटले. मी जाऊन त्यांच्या कुशीला चिकटले. त्यांचं सगळं अंग थडथड उडत होतं. मागून आणखी दोघी-तिघी पोरी आल्या. आता फावडं मारायचं म्हटलं तर ते आमच्या डोक्यांवरून मारावं लागलं असतं. बाबांनी हात खाली घेतला.

काकूंनी मातीतलं झबलं उचललं. ते जुनं होतं, धुतलेलं, काखेत ठिगळ लावलेलं. त्या माणसाकडे न वळताच, कारण वळून बघायचा धीर त्यांना होत नव्हता, त्यांनी ते खांद्यावरून मागे दाखवलं. "पोरगी? तुही पोरगी?" मग हिंदीत, "बच्ची? बिटिया?"

एवढा एक शब्द त्याला कळला. "बिटिया," तो म्हणाला. "बिटिया... बिटिया..." आणि झबलं ओढून घेऊन तो मोठ्याने रडू लागला. पुरुषाला असं रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

तो पुलाच्या कामावरचा मजूर होता, तेलंगणाकडचा. सकाळी इतवाऱ्याच्या बाजारात त्याची पोर गर्दीत हात सुटून हरवली होती. लेकरांचा आवाज ऐकून तो शाळेत आला होता. पापा म्हणजे त्याच्या भाषेत लहान मुलगी, हे आम्हाला पुढे स्टेशनावरच्या एका बाबूने सांगितलं. पण त्या दुपारी तेवढं कळायची गरज उरली नव्हती, 'बिटिया' एवढं पुरे होतं. बाबा फाटक उघडून निघाले, त्यांच्यामागे बाकीचे. घडीभरापूर्वी फावडी उगारणारी तीच माणसं बाजारात, सरायमध्ये, घाटावर ती पोर शोधत फिरली. सगळ्यांत जास्त धास्ती राजघाटाची होती. त्या वर्षी पाणी अजून उतरलं नव्हतं.

तिथेच सापडली ती. एका फुलवालीने तिला आपल्या टोपलीशेजारी बसवून ठेवलं होतं. बाबा तिला खांद्यावर घेऊन आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि काकू अजून त्याच जागी बसलेल्या होत्या. उठायला गेल्या की पाय साथ देत नव्हते. बापाने पोर छातीशी धरली. मग तो काकूंच्या पाया पडायला वाकला, तर काकू घाबरून मागे सरकल्या. "नको, नको. दुरूनच बरं," म्हणाल्या. लोक हसले. हसता हसता माझी आई मात्र रडली.

त्या रात्री काकूंना ताप भरला आणि तो बरेच दिवस उतरला नाही. वावडी हळूहळू विरली. आमचा मराठी वर्ग आणखी काही वर्षं टिकला. पुढे काय झालं ती वेगळी कहाणी. त्या दुपारबद्दल मोठी माणसं आपसात बोलत नसत. आणि कुणाला वाटत असेल की काकू त्यानंतर बदलल्या, तर तसं काही झालं नाही. दाराची फळी तशीच किलकिली उघडत राहिली. माझ्या लग्नात बँड वाजू लागल्यावर त्या कोठीच्या खोलीत जाऊन बसल्या होत्या.

त्या गेल्या, त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवाळीत मी माहेरी आले होते, तेव्हा त्यांना भेटायला गेले. खूप थकल्या होत्या. सुमनही आली होती आणि आत चहा करत होती. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते मी त्या दिवशी विचारलं.

"काकू, तुम्ही सुमनला का बोलावलं हो?"

"मी एकलीच बसली असती तं मले उचलून बाजूले ठेवलं असतं त्यायनं. लेकराच्या डोक्यावर कोन हत्यार उगारीन?" मग म्हणाल्या, "त्या मान्साची भीती व्हती इंदू. पन आपल्याच लोकायचे डोये पाह्यले ना, त्याची जास्त वाटली. तुह्या बापाले मी भाऊजी म्हनत व्हती. तो पुन्ना तसा दिसलाच नसता मले."

"आणि तो खरंच पोरं पळवणारा असता तर?"

काकू पातळाचा काठ बोटांभोवती गुंडाळत, सोडत राहिल्या.

"मले कुठं माहीत व्हतं तो कोन हाये?" त्या म्हणाल्या. "काहीच माहीत नव्हतं माय. अजून रातच्याले जाग येते. सुमन मांडीवर असते, अन् मांगून त्याचा हात येते."

सुमन चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने ते ऐकलं होतं. तिने कप खाली ठेवले, आईच्या खाटेवर जाऊन बसली आणि म्हातारीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.