चार बिंदूंचं संत्रं
संत्रं सोलताना बोटांना लागणारा तो उग्र वास आला की मला सीताबर्डीतलं छपाईचं दुकान आठवतं. कामाचा तिसराच दिवस होता. काटोलहून आलेल्या बागवाल्या काकांना पेटीवर छापायला संत्र्याचं चित्र हवं होतं. चूक नको म्हणून मी कॉम्प्युटरवर फोटोतल्या संत्र्याच्या कडेनं चाळीसेक बिंदू टाकून रेघ काढली. काकांनी स्क्रीनकडे पाहिलं. "हा तं बटाटा दिसून राहिला वं पोरी." मालक मला म्हणाले, "ऊठ, मी करतो." पण काकांनी पिशवीतलं एक संत्रं माझ्या हातात दिलं आणि देठापासून खालपर्यंत अंगठा फिरवायला लावला. "कुठी अडला का?" नव्हता अडला; माझी रेघ मात्र प्रत्येक बिंदूपाशी अडत होती. मी न उठता चार सोडून बाकीचे सगळे बिंदू पुसले आणि त्यांच्यामधली रेघ हळूहळू ओढून वळवली. देठाजवळचा उंचवटासुद्धा तिच्यात आला. काका स्क्रीनजवळ वाकले आणि म्हणाले, "हे आमच्या बागेतलं हाय." मालकांनी तेच संत्रं सोलून अर्धं माझ्यापुढे ठेवलं. आता माझं स्वतःचं दुकान आहे, तरी बाजारात ती पेटी दिसली की मी थांबते आणि छापलेल्या रेघेवरून अंगठा फिरवते. अजून कुठे अडत नाही.