उशिरा वाजणारी घंटा

यांटिना वेल्डहाउस माझी शेजारीण. आयसेल नदीकाठच्या आमच्या डच गावात दर शनिवारी अकरा ते बारा, ऐन बाजाराच्या वेळी, ती चर्चच्या मनोऱ्यातल्या सत्तेचाळीस घंटा वाजवायची. दोरी ओढून टणटण करायचं काम नव्हे ते. वर लाकडी दांड्यांची एक रांग असते. लहान घंटांचे दांडे मुठींनी हाणायचे, मोठ्या घंटांच्या पट्ट्या पायांनी दाबायच्या, आणि त्यातून चक्क गाणी वाजवायची. दोनशे सोळा पायऱ्या चढायच्या, घामाघूम व्हायचं आणि उतरायचं. टाळ्या नाहीत. तिला ऐकणारे दिसत नाहीत, ऐकणाऱ्यांना ती दिसत नाही.

त्यातून तिचा डावा पाय पोलिओने आखूड. सगळ्यात मोठ्या घंटेची पट्टी नेमकी डाव्या टोकाला. तिथवर पोचायला तिला बाकावरून सरकावं लागे, म्हणून ती घंटा अंमळ उशिरा पडे. संगीतशाळेच्या परीक्षकांनी त्याचे गुण कापले होते. ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. मला मात्र तो उशीर कधी ऐकूच आला नव्हता. मी जन्मभर गणित शिकवलं. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही.

चौऱ्याण्णव साली ईस्टरच्या शनिवारी तिने एक अवघड रचना वाजवली. चार महिने खपली होती त्यावर. खाली उतरून ती चीज घ्यायला गेली, तर चीजवाली विलमीन म्हणते, "काय बाई, आज सुट्टी वाटतं?"

विलमीनच्या मनात काही नव्हतं. पण यांटिना त्या दिवशी मोडली. एकोणीस वर्षं आपण भिंतीशी बोलत होतो, म्हणाली. नगरपालिकेने घंटांना जोडलेलं एक यंत्र होतं. तास वाजवायचं, सांगितलं तर गाणीही वाजवायचं. तिने राजीनाम्याचं पत्र लिहिलं आणि मला सांगितलं की येत्या शनिवारी माझीच गाणी यंत्राला वाजवायला लावते. बारापर्यंत एकाही माणसाला फरक कळला नाही, तर पत्र पेटीत टाकते.

मी तिला तीन दिवस समजावलं. कला झाली, परंपरा झाली, गावाचा वारसा झाला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "तू बोलतेस छान. पण ऐकतेस कुठे?"



शनिवारी अकरा वाजता ती माझ्या स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसली. पत्र कपाखाली. बाहेर घंटा सुरू झाल्या. सुंदर, स्वच्छ, बिनचूक. मी कान देऊन ऐकलं आणि मला काडीचाही फरक कळला नाही. खोटं बोलणं मला जमत नाही, तसं मी तिला सांगूनही टाकलं. ती नुसती हसली.

सव्वाअकराला दार वाजलं. दारात बेरेंड, बाजारात हेरिंग मासे विकणारा. माणूस म्हणजे घंटांचा वैरी. माझ्या आरोळ्या यांच्या घणघणाटात बुडतात, म्हणून त्याने एकदा नगरपालिकेत अर्ज दिला होता. एप्रनवर खवले, अंगठ्याला फडकं. शेजारच्या दारी कुणी सापडलं नाही म्हणून माझ्याकडे आला होता.

"बाई, मेलात की काय ते बघायला आलो," तो यांटिनाला म्हणाला.

"आहे अजून."

"मग वर कोण बसलंय? मोठी घंटा वेळेवर वाजतेय."

मी विचारलं, त्यात बिघडलं काय? त्याने फडक्यातला अंगठा माझ्या नाकासमोर धरला.

"यांचं ते दर शनिवारचं संथ गाणं लागलं, की एकोणीस वर्षं मी सुरी उचलतो. यांची घंटा पडायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढ्यात काटा ओढून होतो. घंटा पडली की सुरी खाली. आज काटा माशातच, बोट माशावर, आणि सुरी खाली."

तो जायला वळला, तेवढ्यात काहीतरी आठवून थांबला.

"आणि तो ईस्टरचा नवा प्रकार. मधे फार घाई केलीत. बाकी वाईट नव्हता."

आमच्याकडे याहून मोठं कौतुक कुणी कुणाचं करत नाही.

यांटिनाने घड्याळ पाहिलं, कोट चढवला आणि गेली. पत्र कपाखालीच राहिलं. त्यावर कॉफीचं गोल वळं उमटलेलं, ते अजून माझ्या खणात आहे. त्यानंतर ती आणखी अकरा वर्षं त्या पायऱ्या चढली.

मी तिच्या मागोमाग बाजारात गेले. पावणेबाराला यंत्राचं गाणं मधेच तुटलं. सगळा बाजार मान वर करून मनोऱ्याकडे बघायला लागला. मग मुठी पडल्या, आणि ते संथ गाणं आलं. बेरेंडने सुरी उचलली. दुखरा अंगठा जपून काटा ओढला. सुरी हवेत. मी श्वास धरून मोजत होते.

घंटा पडली. उशिरा. पहिल्यांदाच मला ऐकू आली. सुरी खाली आली.

"मघाशी काही बिघडलं होतं का हो?" विलमीनने मला विचारलं.

"यंत्र होतं ते," मी म्हटलं. "आता वर बसलीय ना, ती माझी शेजारीण."