स्नो, पावडर आणि कंपनीचा रंग

रोह्याच्या बाजारात ज्याच्याकडे मी दाढी करायचो, त्या न्हाव्याने आमच्यासाठी वेगळा ब्रश ठेवला होता. आमच्यासाठी म्हणजे धाटावच्या रंगाच्या कंपनीतल्या माणसांसाठी. गालावर पांढरा फेस फासला की बघता बघता तो गुलाबी व्हायचा. मग बाकावर पेपर वाचत बसलेली गिऱ्हाइकं पेपर खाली करून माझ्याकडे बघायची. न्हावी बिचारा वाईट बोलायचा नाही. उलट हसून म्हणायचा, "बसा शेठ, तुमचा ब्रश भिजत घातलाय." त्या 'तुमचा'ने माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. तरी दर रविवारी तिथेच जायचो, कारण दुसरा न्हावी तर आम्हाला बघूनच "आज गर्दी हाय" म्हणायचा.

मी पॅकिंगला होतो. तयार रंगाची भुकटी पिंपात भरायची, एवढंच काम. नाकाला फडकं बांधा नाहीतर काहीही करा, ती शिरायची तिथे शिरायचीच. कोरडी असताना डोळ्यांना दिसायचीही नाही, नुसती धूळ. पाण्याचा किंवा घामाचा थेंब लागला रे लागला की उमललीच. बनियन गुलाबी, उशी गुलाबी, कानात काडी फिरवली तर तीही गुलाबी. आमचं गाव निडीच्या बाजूला. शिफ्ट सुटल्यावर घामाघूम होऊन गावात शिरलो की पोरं ओरडायची, "शिमगा आला, शिमगा आला!" मी दगड उचलायचा, त्यांनी पळायचं, असं रोजचंच होतं.

पोरांचं काही नाही हो. पण लग्न जमेना. एक बाई आमच्याच ओटीवर बसून, आमचाच चहा पिऊन आईला म्हणाली होती, "रंगवाल्याला पोरगी कोन देनार गो? उद्या पोरं पन गुलाबी झाली म्हंजे?" मी आतल्या खोलीत होतो. बाहेर येऊन चार शब्द सुनावावेत असं फार वाटलं, पण तेव्हा अंगात ओला बनियन होता आणि तो तिला दिसला असता. म्हणून आतच बसून राहिलो.

अशात मामाने पेणचं स्थळ आणलं. मुलीचे वडील शाळामास्तर, मुलगी मॅट्रिक झालेली. पेणला आमच्याकडचं कोणी ओळखीचं नव्हतं. मुलगा कंपनीत पर्मनंट आहे एवढंच मामाने सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाच्या, रविवारी जायचंय. तेवढं ते अंगावरचं सोंग घालव. हे स्थळ गेलं तर मी परत तोंड घालणार नाय." मलाही ते स्थळ जायला नको होतं. तिशी जवळ आलेली, आणि मामाने मुलीचा फोटो दाखवला होता तो मी मागून घेऊन परत परत बघितला होता.

पॅकिंगमधून आठवडाभर दुसरीकडे टाका म्हणून साहेबांना विचारलं, तर ते नुसते हसले. मग कामावरच्या जोडीदारांनी उपाय सांगितला. कंपनीत हातांचा रंग काढायला आम्ही ब्लीचिंग पावडर वापरायचो. शनिवारी रात्री मी ती पाण्यात कालवून तोंडाला, मानेला, कानामागे चोळली. वर वजरीने घासलं. गालाची सालटं निघाली. वहिनीने सकाळी बघितलं आणि किंचाळलीच, "अगो बाई! भावजी, तोंड हाय का भाजलेलं वांगं? आत्या, बघा तरी ह्यांच्याकडं!"

पण तीच मग धावून आली. तिची स्नोची बाटली, पावडरचा डबा आणि भिंतीवरचा छोटा आरसा माझ्यापुढे मांडला. आधी खोबरेल, मग स्नो, मग पावडर, असा क्रम तिने सांगितला. चांगला बाप्यामाणूस मी, वहिनीच्या आरशापुढे मांडी घालून गालाला स्नो चोळत होतो. आई दाराशी तांदूळ निवडत बसली होती, तिने हसू लपवायला तोंड फिरवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ब्लीचिंगचा वास काही जाईना, म्हणून रोह्याहून आणलेलं अत्तर कानामागे आणि मनगटांना लावलं. शेवटी कोऱ्या पांढऱ्या रुमालाने मान पुसून बघितली. रुमाल पांढराच राहिला. मला वाटलं, जिंकलं! कोरड्या रुमालाने पुसून बघितलं, तिथेच अक्कल कमी पडली.

एसटीत मी खिडकीशी, हात अंगापासून लांब धरून बसलो होतो. मामा मिनिटामिनिटाला विचारायचा, "घाम येतोय काय रं?" असं विचारल्यावर न येणारा घामही येतो. पण वारा होता, निभावलं. मास्तरांचं घर स्वच्छ, गादीवर पांढरीशुभ्र चादर, डोक्यावर पंखा. मास्तर गोड माणूस. भातशेतीचं बोलले, पगाराचं एका शब्दाने विचारलं नाही. आणि पोहे आले. पोह्यांत मिरच्या अशा, की काय सांगू! वर वाफाळता चहा. तेवढ्यात लाइट गेली.

पंखा थांबला आणि माझ्या कानशिलावरून पहिला थेंब निघाला तो मला कळला. पुसायची हिंमत झाली नाही. मुलगी सुपारीची ताटली घेऊन बाहेर आली, तिने मान वर केली, आणि तिची नजर माझ्या गालावर अडकली ती हलेना. मग मास्तरांनी बघितलं. आतल्या दारातून मुलीच्या आईने बघितलं. पांढऱ्या पावडरीतून गुलाबी ओघळ हनुवटीपर्यंत आले असणार. मास्तर चाचरत म्हणाले, "तुम्ही चेहऱ्याला काही... लाली वगैरे लावली आहे का?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी तोंड उघडायच्या आत मामा बोलून मोकळा. "नाटक हो, नाटक! गावच्या नाटकात काम करतो. काल प्रयोग होता, रंग उतरला नाय अजून."

"अस्सं होय!" मास्तर मोकळं हसले. "भूमिका कसली?"

"राजाची," मामा म्हणाला.

मी जन्मात कधी स्टेजवर चढलो नव्हतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पडदा ओढायलासुद्धा नाही. मुलीची आई आतून म्हणाली, "अगो, त्यांना मागं ने, तोंड धुवायला पानी दे." झालं! आग लागलेल्याला रॉकेल द्यावं तसं ते पाणी. पण उठावंच लागलं.

मागच्या दारी दगडावर मी वाकून उभा राहिलो आणि ती तांब्याने पाणी ओतू लागली. ओंजळ गुलाबी झाली. दगड गुलाबी झाला. तांब्या संपला, तिने दुसरा भरला, तरी गुलाबीच. ती हसून म्हणाली, "केवढा रंग फासता हो तुम्ही नाटकात!" हसली तेव्हा ती फोटोपेक्षा चांगली दिसली. मी गप्प राहिलो असतो तर बहुतेक सगळं जमलं असतं. पण ती तिसरा तांब्या भरायला वाकली आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली, की बोलून गेलो. "नाटक नाय ते. कंपनीचा रंग हाय. अंगात मुरलाय. धुवावं तसा जास्तच येतो."

तिचं हसू थांबलं. माझ्या सोललेल्या गालाकडे बघत तिने विचारलं, "दुखतं?"

"नाय."

"आणि हा असाच राहणार? लग्नानंतरपण?"

"त्या कंपनीत हाय तोवर राहणार."

तिने तांब्या खाली ठेवला. आतून टॉवेल आणून पुढे केला. मी घेतला नाही, खराब झाला असता. माझ्याच रुमालाने तोंड पुसलं आणि भिजलेला रुमाल मुठीत लपवून बाहेर जाऊन बसलो.

पुढच्या आठवड्यात मामा पडलेल्या चेहऱ्याने आमच्या ओटीवर येऊन बसला. पेणहून निरोप होता. मुलगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत, पण नाटकाचा नाद असलेला नवरा आमच्या मुलीला नको. मुलगीच तसं म्हणाली, आणि त्यावर हटून बसली. मामाने कपाळावर हात मारून घेतला. "मीच माती खाल्ली रं! खरं सांगितलं असतं तर? कामाचा रंग हाय म्हटलं असतं तर मास्तर समजला असता. पोरगी पदरात पडली असती." वहिनीही म्हणाली, "व्हय तर, त्यात लपवायचं काय होतं?"

मला मात्र कळलं होतं. खरं काय ते तिला माहीत होतं. तिला मी नको होतो, पण माझ्या रंगाचा विषय तिने आईबापांपुढेसुद्धा काढला नाही, मामाचंच खोटं पुढे केलं. तिच्यावर चिडायचीही सोय राहिली नाही. आता घरात खरं सांगायचं म्हणजे तिने झाकलं ते मीच उघडं करायचं, आणि तेवढी छाती मला नव्हती.

"व्हय मामा," मी म्हणालो, "नाटकानंच घोटाळा केला."

मामा माझ्यासमोर मान खाली घालून चहा प्यायला, आणि मी त्याला तसं पिऊ दिलं.