सामानापाशी बसणाऱ्या वहिनी

"तुम्ही जा, मी सामानापाशी बसते," असं म्हणून त्या आधी बाक शोधायच्या, मग सगळ्यांच्या पिशव्या दोन्ही बाजूंना ओढून घ्यायच्या आणि एका पिशवीच्या बंदात पाय अडकवून बसायच्या. तुम्हीही पाहिलं असेल, प्रत्येक सहलीत अशी एक बाई असते. आपण हिंडून येतो, पाणी मागतो, ती नेमकी तीच पिशवी उघडून बाटली देते. तिने काय पाहिलं, हे आपण विचारत नाही. मी तरी कुठे विचारत होते.

हॅम्बुर्गला आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्या आपल्या मुलाकडे यायच्या. मूळच्या बार्शीच्या, मालक गेल्यापासून एकट्या. नातू झाला तेव्हापासून दरवर्षी तीन महिन्यांचा व्हिसा काढून यायच्या. मी इथे जुनी, म्हणून मला ताई म्हणायच्या, मी त्यांना वहिनी. नातवाला किटामध्ये, म्हणजे पाळणाघरात, सोडायचं, आणायचं, दोन्ही वेळचा स्वयंपाक, आणि जायच्या आधी फ्रीझरमध्ये महिनाभराच्या पोळ्या. नातू जर्मन बोलायचा, या मराठी. भांडण मात्र दोघांचं बिनचूक व्हायचं.

मागच्या उन्हाळ्यात मुलाने त्यांना नॉर्वेला नेलं. दिवसभराची बोट, बर्फाचे कडे, सील, देवमासे. परत आल्यावर मी विचारलं, "कसा होता बर्फ?"

"मोठा असावा," त्या म्हणाल्या.

"असावा म्हणजे?"

"अहो ताई, नातू मांडीवर झोपलेला. चार पिशव्या, थर्मास. मी खालीच होते. पण कडा कोसळल्याचा आवाज ऐकला. आमच्या अडतीवर ट्रकातून पोती टाकायचे ना, तसा. मग डोक्यावर सगळ्यांचे बूट धावले."

हे त्यांनी हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

यंदा त्या आल्या तेव्हा जिना चढताना दोनदा थांबायच्या. सुनेला दुसरं बाळ थंडीत होणार होतं आणि मुलाने सांगून ठेवलं होतं, आई, तेव्हा परत यायचं हं. त्या नुसतं "बघू" म्हणत. मला एकदा म्हणाल्या, "गुडघे नाही म्हणतात हो. तोंडाला जमत नाही." थंडीचं तिकीट काढायची वेळ जवळ आली होती.

मी ठरवलं, बाईला एकदा काहीतरी डोळ्यांनी दाखवायचं. बर्फ कुठून आणू? पण आमच्याकडून गाडीने दोन-अडीच तासांवर समुद्र आहे. तिथून बोट सुटते, ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूवर सील बसलेले दाखवते. एका मंगळवारी दोघीच निघालो. अट एकच, पिशवी घ्यायची नाही. डबासुद्धा नाही, तिथेच पाव-मासा खाऊ. गाडीत त्यांना हात कुठे ठेवावेत कळेना. शेवटी माझी छत्री मांडीवर घेऊन बसल्या.

बोटीवर मी वर जाऊन कठड्याशी जागा धरली. मागे बघते तर वहिनी नाहीत. खाली आले. खिडकीशी बाकावर बसलेल्या, शेजारी कोणाची तरी बाबागाडी, दोन पाठपिशव्या, आणि एका आजोबांच्या कुत्र्याची दोरी हातात. मला जर्मन येतं म्हणून मिरवते मी, पण मला कधी कोणी कुत्रा सांभाळायला दिला नाही.

"हे काय वहिनी?"

"त्या बाईने काहीतरी विचारलं. मी जा, जा म्हटलं."

"उठा. मी धरते कुत्रा. सील दिसायला लागलेत."

त्या उठल्या नाहीत. कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बसू द्या ना ताई. बरं वाटतं हो. सामान काही मागत नाही."

मी शेजारी बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं, ह्या बाईला कोणी काही दाखवत नाही. तिला बसायला मिळत होतं, ते अशा बाकावरच.

तेवढ्यात इंजिन बंद झालं. खारट पाण्याच्या डागांनी भरलेल्या खिडकीतून वाळूचा पट्टा दिसला. त्यावर पंधरा-वीस सील. करडे, ओले, लोडासारखे. एकाने मान उचलली, आमच्याकडे बघितलं, परत ठेवली. भोंग्यावरून माणूस हळू आवाजात बोलत होता.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, आरडाओरडा करू नका. ह्यांना विश्रांती लागते. उठवलं तर पाण्यात जातात आणि आजारी पडतात."

वहिनी खूप वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नुसती पडून आहेत. आणि उठवू नका सांगायला एक माणूस ठेवलाय."

परतीच्या गाडीत त्यांनी छत्री मला परत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. "सांगितलं ताई. थंडीत येणार नाही म्हटलं. मुलगा नुसता भात कालवत राहिला. सुनेने विचारलं, आई, रागावलात का? म्हटलं, नाही गं. दमले." मग माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून त्या रडल्या. चहा गार झाला, तोही प्यायल्या.

विमानतळावर मीही गेले होते. मुलगा वजनाच्या रांगेत उभा राहिला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी सवयीने आपापल्या पिशव्या त्यांच्यापाशी ठेवल्या. मुलानेच मागे येऊन त्या उचलल्या.

थंडीत बाळ आलं. सुनेची आई दीड महिना राहून गेली, पुढे त्या दोघांनी कसंबसं निभावलं, मीही अधूनमधून वर जात असते. परवा किटाबाहेरच्या बाकावर बसले होते, शेजारी बाबागाडी, वहिनींच्या नातवाची पिशवी, ओली टोपी. बार्शीला फोन लावला.

"काय करताय वहिनी?"

"पडलेय वाळूवर," त्या म्हणाल्या. आवाज झोपेतला होता.

मी फोन ठेवला. बाळाचे फोटो दाखवायचे होते, पण ते नंतरही दाखवता येतील.