पाहुण्यांनी कृपया उभे राहावे

पुणे स्टेशनवर मला पोचवायला कोणी आलं नव्हतं. त्यामुळे गाडी हलली तेव्हा हात कोणाला दाखवायचा हा प्रश्न आला नाही आणि तो वेळ मी सामान तपासण्यात सत्कारणी लावला. मोठी बॅग, वळकटी, थर्मास, लसणाची चटणी, मेतकूट आणि वेगळ्या पिशवीत पवित्र शास्त्र व गीतांचं पुस्तक. सगळं यादीप्रमाणे होतं. समोरच्या बर्थवरच्या बाईंना त्यांची सून खिडकीतून पुन्हा पुन्हा बजावत होती, पोचल्यावर फोन करा. मीही ते ऐकून घेतलं. मलाही कुणीतरी सांगितल्यासारखं झालं.

परदेशी कंपन्या नुकत्याच देशात येऊ लागल्या होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या आमच्या पिंपरीच्या कारखान्याने दिल्लीजवळ मानेसरला शाखा काढली होती आणि तिथलं स्टोअर लावून द्यायला सहाएक महिन्यांसाठी कोणीतरी जायला हवं होतं. कुणाच्या मुलाची दहावी होती, कुणाच्या सासूबाईंचा गुडघा. माझी आई आदल्या वर्षी गेली होती. घरात आम्ही दोघीच होतो. नाही म्हणायला मला सबबच उरली नव्हती.

निजामुद्दीनला उतरले तेव्हा धुकं असं दाट होतं की ही दिल्ली आहे हे पाटी वाचूनच पटलं. कंपनीची गाडी मला गुडगावच्या गेस्ट हाउसवर घेऊन गेली. तेव्हाचं गुडगाव म्हणजे एका हाताला काचेची इमारत, दुसऱ्या हाताला पिवळीधमक सरसों (मोहरी) आणि दोन्हींच्या मधून निवांत जाणाऱ्या म्हशी. आमच्या फाटकावर एक चौकीदार असे. मी रोज संध्याकाळी कामावरून आले की तो रजिस्टर पुढे करून विचारी, "मॅडम, किससे मिलना है?" मी इथेच राहते, मला कोणालाही भेटायचं नाही, हे त्याला रोज सांगावं लागे. शुभवर्तमानातला तो बुटका जकातदार झाडावर चढला, प्रभूची नजर त्याच्यावर गेली आणि प्रभूच त्याच्या घरी पाहुणा म्हणून जेवायला आला. गुडगावच्या त्या भागात अजून झाडंच लावलेली नव्हती.

मानेसरची बस सकाळी लवकर येई. कारखान्यात माणसं भरपूर होती आणि चांगली होती. पण माझ्याशी जे बोलत ते बोल्ट आणि बेअरिंगांविषयी बोलत. संध्याकाळी गेस्ट हाउसचा स्वयंपाकी राजमा-चावल माझ्यापुढे ठेवून आपली मालिका बघायला जाई. मी डोळे मिटून अन्नावर आशीर्वाद मागत असे. घरी मी प्रार्थना करायचे आणि आई आमेन म्हणायची. इथे प्रार्थना माझी आणि आमेनही माझंच. आपणच चिठ्ठी लिहायची आणि आपणच पोचपावती द्यायची, तसं काहीसं ते वाटे.

पहिल्या रविवारी मी बस बदलत आर. के. पुरमच्या बाजूला एका चर्चमध्ये गेले. सरकारी वसाहतींचा भाग, त्यामुळे बाकांवर सगळा भारत बसलेला. इथे एक प्रथा सांगायला हवी. आमच्या बहुतेक मंडळ्यांत (मंडळी म्हणजे एका चर्चची माणसं) उपासनेच्या मध्यावर सूचना होतात आणि मग पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणतात, आज प्रथमच आलेल्या पाहुण्यांनी कृपया उभे राहावे. पाहुणे उभे राहून नाव आणि गाव सांगतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. आमच्या खडकीच्या मंडळीत पाहुणे उभे राहिले की मी घड्याळाकडे बघत असे, कारण घरी आई एकटी असायची. दुसऱ्या घंटेला, म्हणजे उपासना सुरू होता होता यायचं, आशीर्वाद झाला की निघायचं, हा माझा शिरस्ता.

त्या दिवशी मी उभी राहिले. विमल गायकवाड, पुण्याजवळ खडकी. टाळ्या वाजल्या. नंतर माझा हात धरून धरून लोकांनी विचारपूस केली, पहिला चहा मला, समोसाही गरम. परतीच्या बसमध्ये मी गीत गुणगुणत होते, हे शेजारच्या सरदारजींनी वळून पाहिलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तिथेच गेले. उभं राहायचं कारण नव्हतं. चहाच्या वेळी ज्यांनी हात धरला होता ते एका नव्या ओडिया जोडप्याचा हात धरून उभे होते. चूक कोणाचीच नव्हती. शुभवर्तमानात शंभरातलं हरवलेलं एक मेंढरू सापडतं तेव्हा आनंद होणारच. पण उरलेल्या नव्याण्णवांना त्या दिवशी कोणी पाणी दाखवलं का, हे कुठे लिहिलेलं नाही. मी माझा चहा संपवून निघाले.

तिसऱ्या रविवारी मी दुसऱ्या चर्चला गेले. चौथ्या रविवारी तिसऱ्या.

मी व्यवस्थित माणूस आहे, त्यामुळे याचीही व्यवस्था लावली. कोणत्या भागात कोणतं चर्च, उपासना किती वाजता, बस कुठून, नंतर चहा असतो की नाही, सगळं लिहून ठेवलं. पंजाबी मंडळीत मट्ठी (मैद्याची जाड खारी पुरी) आणि लोणचं मिळालं. मल्याळी उपासनेत उभं राहून राहून पायांत गोळे आले, एका शब्दाचाही बोध झाला नाही. पण आमेन ओळखीचं निघालं आणि शेवटी केळ्याचे वेफर होते. सगळीकडे मी उभी राहत होते, खडकी म्हणत होते आणि टाळ्या घेऊन परत येत होते. आठवडाभराची बेगमी तेवढ्यावर होत असे.

जनकपुरीच्या चर्चमध्ये माझ्यानंतर एक साठी ओलांडलेले गृहस्थ उभे राहिले. तपकिरी स्वेटर, नीट विंचरलेले पांढरे केस. "शांतवन साळवे," ते म्हणाले. "जालना से आया हूँ." टाळ्या. गर्दीत पुन्हा दिसले नाहीत.

फाल्गुनातलं ऊन चढायला लागलं तेव्हा मी नोएडाच्या एका नव्या चर्चला गेले. पाहुण्यांची वेळ आली. मी उभी राहिले, बसले. मागून आवाज आला, "शांतवन साळवे. जालना से आया हूँ."

मी मान वळवली. तेच गृहस्थ. त्यांनीही मला पाहिलं आणि शाळेत एकाच बाकावर पकडली गेलेली मुलं बघतात तसं आम्ही एकमेकांकडे बघितलं.

चहाच्या टेबलाशी ते स्वतःच आले. "सलाम, बाई," ते म्हणाले. (आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचा नमस्कार म्हणजे सलाम.) "खडकीहून अजून येताच आहात?"

"आणि तुम्ही जालन्याहून?"

"खोटं कुठे बोललो? जालन्याहूनच आलोय. कधी आलो ते कोणी विचारत नाही."

"कधी आलात?"

"नोकरी लागली तेव्हा," ते म्हणाले. "रिटायर होऊनसुद्धा आता काळ झाला."

दिल्लीत आल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्याने हसले. चहात बिस्किट पडलं, ते तसंच राहू दिलं.

त्यानंतर काही रविवार आम्ही आपापल्या चर्चचे पत्ते एकमेकांना सांगत राहिलो. एकाच ठिकाणी गेलो तर वेगवेगळे बसायचं, असं ठरलं. परत येताना बसस्टॉपपर्यंत मराठी बोलायला मिळे. त्यांच्या मराठीत अच्छा आणि बिल्कुल इतके मिसळले होते की जालना खरोखरच लांब राहिलं होतं. नोकरीभर ते आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिले. निवृत्तीनंतर मयूर विहारमध्ये सोसायटीतला फ्लॅट घेतला. पत्नीने पडदे शिवले, लावले आणि त्याच हिवाळ्यात ती गेली. मूलबाळ नाही. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, भाड्याच्या घराचा तपशील सांगावा तसं.

"मग मयूर विहारमध्ये चर्च नाही?" मी विचारलं.

"आहे ना. घरापासून पाच मिनिटं. शाळेच्या हॉलमध्ये भरतं." मग बराच वेळ त्यांनी बस येते का ते पाहिलं. "पहिल्या रविवारी गेलो, टाळ्या वाजल्या. पहिल्या रविवारी गाव विचारतात, बाई. दुसऱ्या रविवारी विचारतात, घर में कौन-कौन है. मसीह आडनावाच्या एका बाईंनी विचारलं. मी कप ठेवला आणि निघून आलो. तेव्हापासून दुसरा रविवार कुठेच करत नाही."

 ऑफिसात, गेस्ट हाउसवर, मलाही हा प्रश्न लोक विचारत आणि मी घाईने बोल्टांकडे वळत असे. बस आली. पायरीवर पाय ठेवताना मी त्यांना सांगून टाकलं, पुढच्या रविवारी मी मयूर विहारच्या चर्चला येणार. मी पाहुणी आहे, मी उभी राहीन. तुम्ही बसून राहायचं.

"मी येईन असं बिल्कुल सांगत नाही," साळवेसाहेब म्हणाले.

मयूर विहारचे पत्ते म्हणजे फेज, मग पॉकेट (वसाहतीचा गट), मग ब्लॉक, मग फ्लॅट. त्या रविवारी मी चुकीच्या पॉकेटमध्ये शिरले आणि एका बारशाला पोचले. तिथल्या बायकांनी लाडू देऊन रस्ता दाखवला. हॉलवर पोचले तर उपासना सुरू झालेली, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या वेड्यावाकड्या रांगा, आणि साळवेसाहेब नाहीत. मी शेजारची खुर्ची पर्स ठेवून धरली. पहिलं गीत झालं, वाचन झालं. पर्सकडे बघून दोघांनी नाक मुरडलं. दुसऱ्या गीताच्या शेवटच्या कडव्याला ते आले, दाराशीच थबकले. मी पर्स उचलली. ते आले आणि बसले.

पाहुण्यांची सूचना झाली. साळवेसाहेबांचे गुडघे सवयीने हलले. त्यांनी ते दोन्ही हातांनी दाबून धरले. मी उभी राहिले. नाव, गाव सांगितलं.

"किसके साथ आई हैं, बहनजी?" पाळकांनी विचारलं.

"इनके साथ," मी म्हणाले. "ये यहीं के हैं।"

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. पण बघत होते ते त्यांच्याकडे.

चहाच्या वेळी एक रुंद बांध्याच्या, खणखणीत आवाजाच्या बाई सरळ आमच्याकडे चालत आल्या. साळवेसाहेबांनी मला हलक्या आवाजात सांगितलं, याच त्या. मसीहबाईंनी आधी त्यांना नीट न्याहाळलं. "भाईसाहब, आप एक बार पहले भी आए थे न? मैं और मट्ठी लेने गई और आप गायब. घर में कौन-कौन है?"

साळवेसाहेबांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. टेबल अगदी जवळ होतं, कप ठेवता आला असता.

"कोई नहीं," साळवेसाहेब म्हणाले. "पत्नी थीं. दो साल हुए, गुज़र गईं."

मसीहबाईंनी हॉलभर नजर फिरवली. मग त्या म्हणाल्या, "तो आप इतवार को जल्दी आ सकते हैं. सबके बच्चे हैं, नाश्ता है, कोई टाइम पर नहीं पहुँचता. ये कुर्सियाँ लगाने वाला कोई नहीं है. देखिए क्या हाल है।"

साळवेसाहेबांनी रांगांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "बघा, काम लावलं," ते मराठीत म्हणाले आणि कप माझ्या हातात देऊन खुर्च्या गोळा करायला लागले. ते एकावर एक फार उंच रचत होते. स्टोअरच्या माणसाला हे बघवत नाही. पण मी दोन्ही हातांत कप धरून गप्प उभी राहिले.

त्यानंतर मीही तिथेच जाऊ लागले. रांगा हळूहळू सरळ झाल्या. साळवेसाहेबांना आता बोलायला सवड नसे. कोणाला पुढे बसवायचं, पंख्याखाली म्हाताऱ्यांना कसं घ्यायचं, यात ते गुंतलेले. माझा चहा मी स्वतःच घेत असे. मसीहबाईंकडे एकदा जेवायला बोलावणं आलं ते आम्हा दोघांना. तिथेही ते पुढच्या नाताळला किती खुर्च्या लागतील यावरच बोलत होते.

मानेसरचं स्टोअर लागलं. लू (तिकडच्या उन्हाळ्यातली गरम वाऱ्याची झळ) वाहू लागली आणि परतीचं तिकीट हातात आलं. गाडी रविवारची होती. साळवेसाहेबांना सांगितलं तेव्हा ते अडचणीत पडल्यासारखे झाले.

"रविवारी मला नाही जमणार, बाई. खुर्च्या आहेत."

मला बरं वाटलं आणि थोडं लागलंही. निजामुद्दीनला पुन्हा सामान तपासलं. सगळं होतं, चटणी तेवढी संपली होती.

खडकीला आल्यानंतरच्या रविवारी मी दुसऱ्या घंटेला आमच्या चर्चमध्ये शिरले आणि नेहमीच्या तिसऱ्या बाकावर बसले. मधल्या काळात पाळकांची बदली झाली होती. नवे पाळकसाहेब तरुण होते, मला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. पाहुण्यांनी कृपया उभे राहावे, असं म्हणत त्यांनी थेट माझ्याकडे बघून प्रेमाने मान हलवली. बाकावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. मी उभी राहिले. नाव सांगितलं. गावाची पाळी आली.

"दिल्लीहून आले," मी म्हणाले. खोटं कुठे होतं?

लहानपणापासून ज्यांच्यात वाढले त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच वेळ.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर नव्या पाळकीणबाई ओळख करून घ्यायला आल्या. "घरी कोण कोण असतं, मावशी?" त्यांनी विचारलं. आईला ओळखणाऱ्या दोघीतिघी शेजारी होत्या. त्या एकदम आपापल्या पिशव्यांत काहीतरी शोधू लागल्या.

"मीच असते," मी म्हणाले. "रविवारी चर्चचं कुलूप कोण उघडतं?"

त्यांचं बाळ लहान होतं, कुलूप त्यांनाच उघडावं लागे आणि उशीर होई. आता किल्ली माझ्याकडे असते. पहिल्या घंटेच्या बऱ्याच आधी मी पोचते, खिडक्या उघडते, बाकं पुसते, गीतांची पुस्तकं लावते. तेवढा वेळ तिथे मी एकटीच असते. मग लोक येऊ लागतात.